कासव, ससाणा आणि सासूबाई

थोरले जावई आणि धाकटे जावई यांच्यात भांडण्यासारखं खरं म्हणजे काहीच नव्हतं. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, दोघांची पोटं सारखीच सुटलेली आणि दोघांनाही सासूबाईंचा सारखाच धाक. पण रविवारी सासूबाईंकडे भरपेट जेवण झाल्यावर दोन शिकलेल्या पुरुषांनी करायचं तरी काय? म्हणून ते ब्राउझरवरून भांडत.

थोरले कासवाचे. म्हणजे ज्या ब्राउझरच्या चिन्हावर कासव आहे, त्याचे. ते पान उघडायला वेळ लावतं, पण आपल्या पोटातलं दुसऱ्याच्या कानावर जाऊ देत नाही, यावर त्यांची श्रद्धा होती. विमा कंपनीत दावे तपासण्याची त्यांची नोकरी. गोदाम जळालेलं दिसलं की इतरांना राख दिसते, यांना आधी कुलूप कुणी उघडलं हा प्रश्न पडतो. धाकटे ससाण्याचे. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि जे लवकर दिसतं तेच खरं, असा त्यांचा सरळ हिशोब होता. भोंदू साइट आली की ससाणा आधी पंख फडफडवून सावध करतो, कासव मात्र मान आत घेऊन बसतं, असं ते दर रविवारी नव्याने सांगत.

"ससाणा फुकट का देतात, याचा कधी विचार केलास?" थोरले विचारत.

"कासवही फुकटच आहे, साडूभाऊ."

"ते वेगळं फुकट."

या वादात थोरले कधीच हरले नव्हते. त्याचं कारण कासवात नव्हतं, बसण्याच्या जागेत होतं. धाकटे नेहमी त्यांच्या डाव्या हाताला बसत आणि थोरल्यांचा डावा कान वर्षभरापासून एखाद्या कचेरीच्या दुपारच्या खिडकीसारखा झाला होता. खिडकी उघडी, आत माणूस नाही. समोरच्याचा मुद्दा ऐकूच आला नाही की तो खोडून काढायला फार सोपा जातो.

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला तर नाहीच. "तुम्ही माझं ऐकतच नाही," असं ती म्हणायची आणि थोरले अपराधी चेहरा करून मान खाली घालायचे. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा बेपर्वा म्हणवून घेणं त्यांना सोयीचं वाटे. बेपर्वाई सुधारता येते, निदान तसं वचन तरी देता येतं. पण अलीकडे तिने ते म्हणणंही सोडलं होतं. जेवताना ती ताटाकडे बघून जेवायची, गाडीत खिडकीबाहेर बघायची. थोरल्यांना त्या शांततेची भीती वाटू लागली होती, कारण ही शांतता दोन्ही कानांना ऐकू येत होती.

सासूबाईंशी मात्र त्यांचं छान जमे. त्या जेवताना मुद्दाम त्यांच्या उजवीकडे बसत आणि त्यांचा शब्दन् शब्द ऐकू येई. याचं श्रेय थोरले त्यांच्या जुन्या नोकरीला देत. सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन, हातात तारा आणि अख्खं गाव त्या तारांमधून बोलत असे. कुणाचं कुणाशी जुळलं, कुणाचं फाटलं, सगळं त्यांच्या कानावरून गेलं. त्यातलं अवाक्षर नवऱ्यालाही कळलं नाही, आणि सासऱ्यांनी विचारून पाहिलं नव्हतं असं नाही.

लेकींनी त्यांना वाढदिवसाला टॅब घेऊन दिला तेव्हा धाकटे ससाणा घेऊन पोचण्याआधीच थोरल्यांनी जाऊन त्यात कासव बसवलं. सासूबाईंचं खातं नव्हतं, म्हणून स्वतःचं घातलं. तात्पुरतं. लोकांच्या दाव्यांत हा शब्द आला की ते त्याखाली लाल रेघ मारत. स्वतःच्या बाबतीत लाल पेन हाताशी नव्हतं.

त्या रविवारी वाद जरा चढला. कासव किती गळतं ते आत्ता दाखवतो, असं म्हणून धाकट्यांनी सासूबाईंचा टॅब मागितला.

"खुशाल बघ," थोरले म्हणाले. "कासवाच्या पाठीवर ओरखडा निघाला, तर मरेपर्यंत ससाणा वापरीन."

धाकट्यांनी इतिहास उघडला आणि खोलीच्या मधोमध उभं राहून मोठ्याने वाचायला घेतलं. गुडघ्यांचे सोपे व्यायाम. पत्त्यांचा डाव एकट्याने कसा लावायचा. एका कानाने कमी ऐकू येणे. न दिसणारं श्रवणयंत्र. इथे ते थांबले.

सासूबाई संत्रं सोलत होत्या. "माझं आहे ते," त्या म्हणाल्या आणि हात पुढे केला. टॅब धाकट्यांच्या हातातून त्यांच्याकडे थोरल्यांच्या डोळ्यांसमोरूनच गेला आणि त्यांना पुढची ओळ दिसली: श्रवणयंत्र लावलेलं बायकोच्या लक्षात येतं का. ही ओळ त्यांनी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून आपल्या फोनवर लिहिली होती, आणि खातं एकच असल्याने ती इथेही उतरली होती. आपण कासव नुसतं बसवलं नाही, त्याच्या पाठीवर स्वतः बसून आलो, हे त्यांच्या ध्यानात आलं.

लेकींचा मात्र आईवर पूर्ण विश्वास बसला. दोघीही तिच्याशी एकदम मोठ्याने बोलायला लागल्या. मग आपापसात, तेही मोठ्याने. दाराची बेल ऐकू आली नाही तर? गॅस सुरू राहिला तर? एकटीने या घरात राहायचं म्हणजे काय? सहा महिने थोरलीकडे, सहा महिने धाकटीकडे, घर भाड्याने द्यायचं. बघता बघता भाडेकरू कसा असावा इथवर गाडी गेली. सासूबाई संत्रं सोलत राहिल्या. त्या संत्र्याची साल नेहमी अखंड काढत. त्या दिवशी ती मध्येच तुटली.

थोरल्यांनी ती साल पाहिली. गप्प बसणं सोपं होतं. एक कान तर आधीपासूनच गप्प होता, आता फक्त तोंडाने त्याला साथ द्यायची होती. एका गुपितासाठी एक म्हातारी घरातून उठणार, एवढंच.

"ते माझं आहे," ते म्हणाले.

"काय तुमचं?" बायकोने विचारलं.

"कान. डावा."

सगळ्यांत आधी धाकट्यांना कंठ फुटला. "डावा? म्हणजे आजवरचे माझे सगळे मुद्दे..."

"वाया गेले."

धाकटे मटकन खुर्चीत बसले. लोकांचे डोळे तपासण्यात आयुष्य गेलं आणि शेजारचा कान आपल्या नजरेतून सुटला, याचं त्यांना ससाण्याच्या विजयापेक्षाही जास्त वाईट वाटलं. तरी जाता जाता, पैज लक्षात आहे ना, हे त्यांनी उजव्या बाजूला येऊन विचारून घेतलंच. कासव काही बोललं नाही, मीच बोललो, असं थोरले म्हणाले. पण पैज ती पैज.

बायको मात्र ताटं उचलून आत गेली.

थोरले कपबशा घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि धीर न झाल्याने तिथेच थांबले. सासूबाई मागून आल्या.

"आई, तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच आठवड्यात. मी पडद्याचं कापड शोधायला गेले, तुमचा कान सापडला."

"मग बोलला का नाहीत?"

"लाइन माझी नव्हती, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी टॅब पुढे केला. "आता तुमचं खातं काढा यातून. आणि तो ससाणा घालणार असाल, तर त्याला म्हणावं, जावयाच्या खात्याने येऊ नकोस."

संध्याकाळी दोघं नवराबायको पायी घरी निघाली. कोपऱ्यापर्यंत थोरल्यांनी मनाशी माफीची चार वाक्यं जुळवली आणि त्यातली तीन विसरले.

"म्हणजे वर्षभर मी बोलत होते, ते तुम्हाला ऐकूच आलं नाही?"

"अर्धं आलं."

"कुठलं अर्धं?"

थोरल्यांनी खूप विचार केला. "दूध संपलंय, वगैरे."

ती थांबली. मग त्यांच्या मागून वळसा घालून उजव्या बाजूला आली, त्यांचा दंड धरला आणि पहिल्यापासून सुरू झाली.