वाकड्या ब्रॅकेटचं कपलिंग

प्राची म्हात्रे कात्रपच्या एका शाळेत चित्रकला शिकवते आणि पालेगावात एका नव्या बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर राहते. तिच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायला जागा नाही, कारण तिथे मशीन आहे. कॉम्प्युटरवर अक्षर काढायचं आणि मशीनने ते लाकडात कोरायचं, असं ते काम. सुटे भाग तिने ऑनलाइन मागवले, व्हिडिओ बघून बघून जुळवले, आणि वर्षभराने, दिवाळीच्या सुट्टीत, मशीन पहिल्यांदा हललं.

शाळेचा नवा मजला सव्वीस जानेवारीला उघडायचा होता. तिथल्या वर्गांना झाडांची नावं द्यायची ठरली होती: वड, बहावा, कदंब, पळस. मुख्याध्यापिका माधवी मॅडमनी स्टाफरूममध्ये विषय काढला आणि प्राची बोलून गेली, की पाट्या मी करते, लाकडात कोरून. बोलताना तिला पूर्ण खात्री होती.

मशीनमध्ये मोटर फिरते, ती एका लांब स्क्रूला फिरवते आणि स्क्रूवर बसलेलं कोरणारं टोक पुढेमागे सरकतं. मोटरचा फिरणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, आणि स्क्रू यांना जोडणारा अंगठ्याएवढा तुकडा म्हणजे कपलिंग. किटबरोबर आलेलं कपलिंग अॅल्युमिनियमचं होतं, अंगावर गोल गोल चीर पाडलेली, त्यामुळे स्प्रिंगसारखं थोडं वाकणारं. ते तीन आठवड्यांत त्या चिरेतूनच तडकलं.

मोटर ज्यावर बसते ते ब्रॅकेट मात्र किटमध्ये नव्हतं. ते विनीतने केलं होतं. विनीत म्हणजे तिचा नवरा, अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन कंपनीत सुपरवायझर. मशीनला तो सुरुवातीपासून 'तुझं खेळणं' म्हणायचा. मग एका रविवारी काय मनात आलं कोण जाणे, जाड पट्टी घेऊन आला, हॅन्ड ड्रिलने चार भोकं पाडली, कडा पॉलिश पेपरने घासून घासून चमकवल्या. ब्रॅकेट बसलं त्या दिवसापासून घरी कोणी आलं की तो त्यांना बाल्कनीत घेऊन जायचा. प्राचीला ते फार आवडलं होतं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि तिच्या कुठल्या कामात त्याने पहिल्यांदाच हात घातला होता.

कपलिंग तडकल्यावर तो म्हणाला, स्वस्तातला माल आहे, दुकानातून चांगलं आण.

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये बेअरिंग आणि पट्ट्यांची दुकानं आहेत. त्यातल्या एका दुकानात प्रीतमभाई बसतात, पासष्टीचे, चष्मा कपाळावर चढवलेला. प्राचीने तुटका तुकडा काउंटरवर ठेवला. त्यांनी तो उजेडाकडे धरला आणि विचारलं, "मॅडम, मोटर आणि स्क्रू, दोन्ही एका लाइनीत आहेत? की आउट आहे? कितना आउट है, त्याच्यावर कपलिंग ठरतं."

"एकदम सरळ आहे," प्राची म्हणाली. "मिस्टरांनी केलंय. ते याच लाइनमध्ये आहेत."

प्रीतमभाईंनी तरी तीन नग काढून समोर मांडले आणि समजावलं. हे चिरेवालं: मोटर उलटी फिरली तरी जराही ढिलं पडत नाही, पण त्याला सरळ लाइन लागते, फार वाकवलं तर तुटणार. हे मधे रबर असलेलं: झटके खातं, पंपाला चांगलं, पण दिशा बदलताना थोडं हलतं. आणि हे तीन तुकड्यांचं, मधे प्लॅस्टिकची चकती सरकते: दोन शाफ्ट बाजूबाजूला असले तरी सांभाळून घेतं, मात्र चकती झिजते, मग ढिलं होतं. सरळ आहे म्हणता ना, मग चिरेवालंच न्या, भारीतलं देतो.

भारीतलं अकरा दिवस चाललं.

शेवटच्या दोन दिवसांत मोटर दर फेऱ्याला एका ठरावीक जागी कण्हायची. प्राचीला तो आवाज स्वयंपाकघरात पोळ्या लाटतानाही ऐकू यायचा. 'वड' कोरायला लावलं तर व चं पोट पूर्ण होईना. गोल फिरून टोक जिथून निघालं तिथे परत यायला हवं, ते बाजूलाच जाऊन थांबायचं आणि व एखाद्या आकड्यासारखा उघडा राहायचा. मग कपलिंग तुटलं. विनीतने तुकडे हातात घेऊन मान हलवली. आजकाल मटेरियलमध्ये दमच नसतो, म्हणाला.

तुटलेलं काढताना प्राचीची नजर मोकळ्या झालेल्या दोन शाफ्टांवर पडली. मोटरचा शाफ्ट स्क्रूच्या थोडा वर होता. असं तिला वाटलं. तिने लगेच मान वळवली. स्टुलावर वाकून बघतेय, तिरकं दिसत असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली आणि मशीनवर चादर टाकली.

दुसऱ्या फेरीला प्रीतमभाईंनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. तिने पुन्हा तेच उत्तर दिलं, या वेळी जरा चढ्या आवाजात. त्यांनी खांदे उडवले. शाळेतून सुटून, स्कूटरवर धूळ खात एवढ्या लांब यायचं आणि तेच ते प्रश्न ऐकायचे, याचा तिला संताप आला होता. तिने स्वतःच रबरवालं मागितलं.

रबरवालं तुटलं नाही, पण अक्षरांची वाट लागली. मोटरने दिशा बदलली की टोक क्षणभर जागेवर घुटमळायचं. गोलाला चार बाजूंनी सपाट कडा आल्या. सागाच्या दोन फळ्या वाया गेल्या, तिसरी तिने तासून पुन्हा वापरायचा प्रयत्न केला आणि तीही गेली. माधवी मॅडम रोज मधल्या सुट्टीत विचारायच्या, कुठपर्यंत आलं. होतंय, ती म्हणायची. जानेवारीची अठरा तारीख होती.

त्या दिवशी शाळा लवकर सुटली. घरी येऊन तिने रबरवालं कपलिंग उघडलं. रबराची एकच बाजू खाल्ली गेली होती, त्याचा काळा भुगा ब्रॅकेटवर साचला होता. आता डोळे वळवायला जागा उरली नाही. तिने स्टीलची पट्टी आणली आणि दोन्ही शाफ्टांवर आडवी ठेवली. दोन्ही शाफ्ट आठ-आठ मिलिमीटरचे, पट्टी दोन्हींना टेकायला हवी होती. मोटरच्या बाजूला टेकली, स्क्रूच्या बाजूला खालून उजेड दिसला. शाळेच्या कार्डशीटचे कपटे तिने त्या फटीत एकेक करून सरकवले. पाच गेले. पाच कपट्यांची जाडी मोजली तर सव्वा मिलिमीटर भरली.

विनीत सहा वाजता आला. तिने त्याला बूटही काढू दिले नाहीत, तसाच बाल्कनीत नेला.

"ब्रॅकेट आउट आहे," ती म्हणाली. "सव्वा मिलिमीटर."

त्याने पट्टी बघितली, कपटे बघितले. तो भांडेल असं तिला वाटलं होतं, आणि भांडायला ती तयारही होती. पण तो कठड्याला टेकून उभा राहिला.

"चौथ्या भोकाला ड्रिल घसरलं होतं," तो म्हणाला. "मी कानस मारून कसंतरी ओढून बसवलं."

"म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं."

"मला वाटलं, कपलिंग सांभाळून घेईल. फ्लेक्झिबल म्हणतात ना त्याला."

दोन महिने ती उल्हासनगरच्या फेऱ्या मारत होती, परक्या माणसासमोर छातीठोकपणे खोटं बोलत होती, चांगल्या लाकडाचा भुसा करत होती, आणि हा माणूस दर वेळी तुटके तुकडे हातात घेऊन मटेरियलला नावं ठेवत होता. हे सगळं तिने त्याला ऐकवलं. आवाज इतका चढला, की शेजारच्या बाल्कनीतल्या सोनियाभाभी दोरीवरचे कपडे अर्धवट सोडून आत गेल्या. विनीतने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुलाही दिसलंच असेल. तू कधी विचारलं नाहीस."

ते खरं होतं, आणि म्हणून तिला जास्तच राग आला.

पुढचे काही दिवस दोघं कामापुरतं बोलले. पाट्या प्राचीने प्लायवुडवर ब्रशने रंगवल्या, शाळेतच, ऑफ तासांना. सव्वीस जानेवारीला सगळ्यांना त्या आवडल्या. माधवी मॅडम चार लोकांत म्हणाल्या, की एवढा छान हात असताना मशीनच्या भानगडीत कशाला पडायचं. प्राचीने हसून मान डोलावली आणि घरी येईपर्यंत ते वाक्य तिच्या डोक्यात टोचत राहिलं.

फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी विनीतने न सांगता ब्रॅकेट उतरवलं. नवीन करूया का, असं त्याने विचारलं. प्राची म्हणाली, भोकं लांबट कर, म्हणजे मोटर वर-खाली सरकवता येईल. त्याने केली. मग सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत दोघं बाल्कनीत उकिडवे बसले होते. तो मोटर केसभर सरकवायचा, ती पट्टी ठेवायची, कपटा घालून बघायची आणि म्हणायची, अजून वर आहे. मग, आता खाली गेलं. मग, डावीकडे झुकतंय. बोल्ट आवळला की मोटर पुन्हा हलायची. दोनदा त्याने पाना आपटला. एकदा ती उठून आत गेली, पाणी प्यायली आणि परत आली. जेवायचं कोणालाच सुचलं नाही.

सोमवारी ती प्रीतमभाईंकडे गेली. त्यांनी विचारायच्या आधीच तिने सांगितलं, की आधी सव्वा मिलिमीटर आउट होतं, आता पट्टीखाली एकही कपटा जात नाही. प्रीतमभाईंनी चष्मा खाली ओढून तिच्याकडे पाहिलं.

"पैले दिवशीच बोलायचं ना, मॅडम," ते म्हणाले. "तीन तुकड्यांचं दिलं असतं, काम तरी चाललं असतं."

त्यांनी चिरेवालं कपलिंग दिलं, पहिल्यासारखंच. ते बसलं. मोटर कण्हली नाही. अक्षरं आली, स्वच्छ, गोल आणि बंद. शाळेत आता कोरण्यासारखं काही उरलं नव्हतं. बरेच दिवस विचार करून माधवी मॅडमनी एक काम काढलं, आणि मार्चमध्ये नव्या मजल्यावरच्या नळांच्या वर सागवानी पाटी लागली: 'पिण्याचे पाणी'. अक्षरांत खोट काढायला जागा नव्हती. शिपायाने ती स्क्रू आवळताना जरा तिरकी बसवली होती. प्राची दोन दिवस येता-जाता तिच्याकडे बघत राहिली, आणि तिसऱ्या दिवशी घरून स्क्रूड्रायव्हर घेऊन आली.