सशस्त्र

पूर्णिमानं पडद्यावरच्या बाईभोवती चौकट आखली आणि खाली नोंदवलं: सशस्त्र. बाईच्या डोक्यावर सरपणाची मोळी होती.

मंगळवार पेठेतल्या त्या कचेरीत ती तीन वर्षं हेच काम करत होती. ड्रोननं टिपलेले सीमेपलीकडचे फोटो यायचे; त्यात माणूस कोण, जनावर कोणतं, हत्यार कुठं, हे खुणा करून द्यायचं. त्यावरून यंत्र शिकायचं आणि चौकीवरच्या साहेबाला सांगायचं, गोळी चालवायची की थांबायचं.

फेब्रुवारीत फौजेतला तिचा धाकटा भाऊ धम्मपाल अशाच एका चौकीवर मारला गेला. पहाटे चढून येणाऱ्या पाच हल्लेखोरांना यंत्रानं मेंढपाळ ठरवलं, म्हणून साहेबांनी गोळीबार थांबवून ठेवला होता. शवपेटीबरोबर आलेल्या अधिकाऱ्याला आईनं विचारलं, "चूक कुणाची, सायेब?"

"यंत्राचा अंदाज होता, आई. कुणा एकाचं नाव घेता येत नाही."

गडहिंग्लजला घरी धम्मपालच्या पुण्यानुमोदनाचा विधी उरकून पूर्णिमा परतली ती ठरवूनच. यंत्राच्या चुकीनं आपला गेला, तर यंत्राच्याच चुकीनं त्यांचेही जातील. गुराखी, पाणी आणणाऱ्या पोरी, काठी टेकणारा म्हातारा, सगळे तिनं सशस्त्र करून टाकले. प्रत्येक चौकटीला छातीतलं काहीतरी सैल व्हायचं.

"पूर्णे," शेजारची स्नेहल म्हणाली. पूर्णिमाच्या खुणा तपासणं हे तिचं काम. "ही बाई हाय की. मोळी हाय डोक्यावर."

"असंल बंदूक मोळीत."

स्नेहलनं मागचे फोटो उघडले. एकेक चौकट मोजत ती खाली गेली.

"दोनशे झालेत गं. तुझ्यावर इस्वास ठेवून मी न बघताच पास केले. काल पुढं गेले बी."

"जाऊ देत."

"ह्या म्हाताऱ्यानं मारलंय व्हय धम्मपालला?"

"न्हाय. पर कुणीतरी मारलंय की. त्यो कोण, ते कुणी सांगंना मला."

स्नेहलनं यंत्र बनवणाऱ्या कंपनीला पत्र लिहायला घेतलं: खुणा चुकीच्या आहेत, फोटो परत मागवावेत. मग तिची बोटं थांबली.

"कम्प्युटरचा घोळ झाला म्हणून लिहिते. न्हायतर नोकरी जाईल तुझी. पोलीस बी येतील."

"घोळ न्हाय. जाणूनबुजून केलंय मी. माझं नाव घाल."

"येडी हाईस का?"

"त्या सायेबावानी यंत्रावर ढकलू नगंस, स्नेहल. नाव घाल."

स्नेहलनं टाइप केलं. पूर्णिमानं वाकून आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव नीट आलंय का ते पाहिलं, आणि पत्र तिनंच पाठवलं.