वारा लागू नये म्हणून

मैनाचा जावई एकनाथ तिला आणायला मस्कतच्या विमानतळावर आला, तेव्हा म्हणाला होता, "आई, आमच्याकडे डोंगरावर जरा गार असतं हां." मैनाने देवगडहून येताना दोन जुन्या गोधड्या, ओवा, शेपा, वेखंड, डिंकाचे लाडू आणि बाळंतकाढ्याची पुडी आणली होती. गारव्याचं तिला काही वाटलं नाही. ज्या बाईने भावजया, जावा, शेजारणी मिळून अर्ध्या वाडीची बाळंतपणं काढली, तिला गारव्याचं काय?

पण हा गारवा नव्हता. ओमानमधल्या जबल अख्दर डोंगराच्या माथ्यावर, जिथे एकनाथ एका रिसॉर्टचे एसी आणि जनरेटर सांभाळत होता, तिथे दोन रात्री आभाळ नुसतं झरत राहिलं. वर्षा-दोन वर्षांत कधीतरी पिठी शिंपडल्यासारखं बर्फ पडायचं, दुपारपर्यंत विरून जायचं. मस्कतची माणसं गाड्या काढून ते बघायला यायची, पोरं मुठी भरून घ्यायची. या खेपेला ते विरलं नाही. डाळिंबांच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या वाफ्यांवर ते चढत गेलं. झाडांच्या फांद्या कडाकडा मोडल्या. स्टाफच्या राहायच्या पत्र्याच्या पोर्टा केबिनी गुडघ्यापर्यंत बुडाल्या. विजेची तार तुटली आणि खाली बिरकत अल मौजच्या चौकीवर पोलिसांनी घाट बंद केला.

एकनाथ घाटाखाली अडकला. जनरेटरचा पार्ट आणायला तो मस्कतला, वादी अदाईच्या एका वर्कशॉपमध्ये गेला होता. पार्ट मिळाला, घाट मिळेना.

"आई, हीटर बंद झाला असेल ना?" त्याने फोनवर विचारलं.

"झालो. पण तू जीव घाबरो करू नको, बाबा. मी आसंय ना."

"बाळाला ऊब राहायला पाहिजे. नर्सने सांगितलंय, वजन कमी आहे."

"तां माका सांगूक होया? तू फक्त रस्तो सुटलो की ये."

वजन कमी होतं, हे खरंच. निझव्याच्या इस्पितळातून आणलेली ती लेक दुपट्यात गुंडाळली की कणसाएवढी दिसायची. अजून बारसं व्हायचं होतं. मैना तिला नुसतीच बाय म्हणायची. सकाळी तिने बायच्या तळव्याला आपला गाल लावून बघितला. तळवा थंडगार. नखं निळसर. ज्ञानदा, मैनाची बाळंतीण मुलगी, भिंतीकडे तोंड करून पांघरुणात कुडकुडत होती.

मैना मग कामाला लागली. बाळंतिणीला वारा लागता कामा नये, हे तिच्या हाडांत होतं. घरी, कुडाच्या भिंतीच्या खोलीत, तिने कित्येक बाजांखाली शेगड्या ठेवल्या होत्या. वरून कौलं, खालून निखारे, मधे सुती बाज आणि तिच्यावर शेक घेत पडलेली बाळंतीण. ओव्याचा वास कौलांच्या फटीफटींतून अंगणात जायचा आणि पलीकडची बाई तिथूनच ओळखायची, आज अमकीचा शेक चाललाय.

इथे कौलं नव्हती. पत्र्याचं आणि फोमचं चौकोनी खोकं होतं ते, घट्ट रबराच्या खिडक्यांचं. तरी वारा येत होताच. एसीच्या भोकातून, सरकत्या खिडकीच्या पट्टीतून, दाराखालून. मैनाने एकनाथच्या हत्यारांच्या पेटीतली खाकी चिकटपट्टी काढली. खिडकीच्या चारी कडा लिंपल्या. एसीच्या भोकात जुनं लुगडं कोंबलं. उंबऱ्यावर गोधडीची सुरळी केली आणि पायाने ठोकून बसवली.

"आई, अगं किती पॅक करतेस? गुदमरायला होईल."

"वायच गुदमारलंस म्हणून काय मरूचंस नाय. कान बांध तुझे."

"इथे सगळ्यांना कळतं थंडी म्हणजे काय. तूच आपली..."

"थय कळता नि हय कळता! ह्या देशाक वाळवंट म्हणतत नि दारात कापूस पिंजल्यासारख्यो राशी. माका कोणाचा कळणा नको. झोप."

निखाऱ्यांचं काम सोपं होतं. आदल्या दिवशीच शेजारची सकिना एक कोळशाची पिशवी देऊन गेली होती. सकिना दापोलीकडची. तिचा नवरा जाफर कोपऱ्यावर किराण्याचं लहानसं दुकान चालवायचा आणि तोही माल भरायला गेलेला, निझव्यात अडकलेला. इथले लोक धुपाटण्यात आणि मटणाच्या काड्या, मिश्काक, भाजायला हा कोळसा नेत. सकिनाने पिशवी ठेवताना मैनाला चिडवलंही होतं.

"काय मावशी, मिश्काक भाजताय की लेक?"

"लेकीकच भाजतंय. आमच्यात भाजल्याबिगर बाळंतीण उठणा नाय."

"आमच्यातही तसंच हो. माझ्या आईने मला चाळीस दिवस असं भाजलं, की जाफर म्हणाला, ही बायको देताय की भाकरी?"

दोघी हसल्या होत्या. तेव्हा हसण्यासारखं होतं.

मैनाने लोखंडी घमेलं आणलं. कोळसे बाहेर पेटवले. एवढं तिला कळत होतं, की धूर आत नको. फुंकून फुंकून ते लाल केले, वर राखेची साय आली, धूर पार निवाला, तेव्हाच घमेलं आत घेतलं आणि पलंगाखाली सरकवलं. धूर नव्हता, म्हणून तिला कसली शंकाही नव्हती. वर चिमूटभर ओवा टाकला. खोली वाडीसारखी दरवळली. दार लोटलं, सुरळी पायाने परत ठोकली.

तासाभरात खोलीला खरोखर ऊब आली. बायच्या तळव्यांत रंग भरला. मैनाला इतकं भरून आलं, की तिने तिला मांडीवर घेतलं आणि तोंडात येईल ते जुळवत गाऊ लागली. जात्यावर बसून शिकलेला गळा होता. शब्द कमी पडायचे नाहीत.

*बर्फाचा डोंगर माझ्या बायेच्या दारात,*
*ऊन रे सूर्या, घाल तिच्या पदरात.*

*बर्फाची पासोडी पसरली झाडांवर,*
*बाय माझी निजते आजीच्या मांडीवर.*

"आई," ज्ञानदा पांघरुणातून म्हणाली, "माझं डोकं ठणकतंय."

"थंडीन. वायच निज."

"मळमळतंय पण."

"काढो घेतलंस तेचा आसात तां." मैनाने तिच्या कपाळावर फडकं आवळून बांधलं. स्वतःच्याही कानशिलांत काहीतरी धडधडत होतं, पण रात्र जागून काढल्यावर ते व्हायचंच.

पाणी संपलं होतं. नळ गोठलेला. बायला पलंगावर आईच्या कुशीत घालून मैना पातेलं घेऊन बाहेर गेली. तिने चटकन दार ओढून घेतलं, ऊब सांडू नये म्हणून. बाहेर श्वास घेतला आणि डोकं एकदम हलकं झालं. तिला वाटलं, बरं वाटलं बाहेर. पुढचा विचार आला नाही. तिने पायरीवरचं बर्फ खरवडून पातेलं भरलं. ओंजळभर बर्फाचं पेलाभरही पाणी होत नाही, हे ती सकाळीच शिकली होती. म्हणून पुन्हा चेपून भरलं, हात सुन्न होईपर्यंत.

परत आली, तेव्हा ज्ञानदा झोपली होती. गाढ. बाळंत झाल्यापासून ती अशी झोपली नव्हती, सारखी दचकून उठायची, दूध पुरत नाही म्हणून रडायची. आता तोंड थोडं उघडं, गालांवर लाली. बायचाही आवाज नव्हता.

मैनाने पातेलं घमेल्याशेजारी अलगद ठेवलं, वाजू नये म्हणून. हात जोडले. कुणाला जोडले ते तिलाच ठाऊक. कदाचित त्या निखाऱ्यांनाच. मग पलंगाच्या पायथ्याशी भिंतीला टेकली. डोळे आपोआप मिटायला लागले. तिने विचार केला, दोघींना जरा निजू दे. मीही जरा...

दारावर धक्के बसत होते. पहिले काही तिला स्वप्नात ऐकू आले.

"मावशी! मावशी, दार उघडा!"

उठायला गेली तर पाय पाण्यासारखे. तोंडात कडवट. "हळू," ती पुटपुटली, "हळू गो, निजली हा ती."

सकिनाने खांदा लावून दार ढकललं. खालची गोधडी घसटत मागे गेली. गार हवेचा लोट आत आला आणि मैना आधी रागावली. वारा! बाळंतिणीला वारा!

"घमेलं! घमेलं कुठेय?" सकिना ओरडत होती. तिच्या सलवारीला मांड्यांपर्यंत बर्फ चिकटलं होतं. "या अल्ला! जाफरचा फोन आला. मी बोलले, मावशी आत कोळसे पेटवून लेकीला शेकवतायत. तर तो ओरडला माझ्यावर, म्हणाला, पळ! बंद खोलीत कोळशाच्या वायूने मरतात माणसं!" तिने ज्ञानदाचा खांदा धरून गदगदा हलवलं. "ज्ञानदा! ए पोरी!"

ज्ञानदाचं डोकं एका बाजूला कलंडलं आणि तसंच राहिलं.

तेव्हा मैनाला ते कळलं. कुणी समजावून सांगावं लागलं नाही. गालांवरची ती लाली, ती गाढ झोप, बाहेर गेल्यावर हलकं झालेलं डोकं, सगळं एकमेकांना जाऊन चिकटलं.

सकिनाने बायला उचलून मैनाच्या हातात कोंबलं. "बाहेर न्या! बाहेर!" आणि स्वतः ज्ञानदाला काखेत धरून ओढत पायरीवर आणलं. बाळंतीण बर्फावर आडवी केली. गोधडी खाली, शाल वर, तोंड मात्र उघडं, आभाळाकडे. ज्या वाऱ्यापासून मैना सकाळपासून तिला लपवत होती, तो आता तिच्या नाकातोंडात भरायचा होता.

बाय मैनाच्या हातात चिंधीसारखी पडली होती. मैनाने तिची पाठ चोळली. तळवे चोळले. "रड गो," ती म्हणाली, "रड गो माझे बाये, एकदा रड." बर्फाचा एक कण बायच्या ओठावर पडला. तिने नाक मुरडलं. मग मांजराच्या पिल्लाएवढा एक आवाज निघाला, तुटला, पुन्हा निघाला.

ज्ञानदाला वेळ लागला. तिने आधी ओकारी काढली. मग डोळे उघडले, पण ते कुणाकडे बघत नव्हते. "स्कूल बस गेली?" असं काहीतरी विचारलं. तिने स्कूल बस सोडून सात-आठ वर्षं झाली होती. मैना तोंडात पदर कोंबून ऐकत राहिली.

सकिनाने आरोग्य केंद्राला फोन लावला. तिथली मल्याळी नर्स हिंदीत भराभर बोलत होती: विस्तव बाहेर फेका, खोलीत हवा खेळती ठेवा, आत निजवा पण दार उघडं राहू द्या, अंगाच्या उबेने बाळाला धरा, जेसीबी रस्ता खणतोय, गाडी येतेय. कधी, ते तिलाही सांगता येईना.

घमेलं पलंगाखालून ओढून सकिनाने लाथेनेच पायरीवरून ढकललं. निखारे बर्फात चर्र करत बुडाले.

दोघींना परत आत आणलं, तेव्हा ज्ञानदा भानावर आली होती. डोकं धरून बसली होती. सकिनाने तिला सगळं सांगितलं, गोल न करता, पण सावकाश. ज्ञानदा ऐकत राहिली. मग तिने छातीशी धरलेल्या बायकडे पाहिलं. बाळ तिच्या हातांतून निसटेल असं वाटत होतं.

"दी माझ्याकडे," मैना पुढे सरकली. "मी पोटाशी धरतंय. तू पड."

ज्ञानदाचा हात नकळत बायभोवती आवळला. अगदी थोडासा. गाय वासराला बाजूला घेते तेवढाच.

"नको," ती म्हणाली. मग मान खाली घालून, "सकिनादीदी, तुम्ही घ्याल?"

सकिनाने मैनाकडे पाहिलं.

"घे गो," मैना म्हणाली. "घे. मागता हा ती तुज्याकडे."

सकिनाने बायला कुडत्याच्या आत, उघड्या छातीशी घेतलं आणि वरून शाल लपेटली. मग सकिना हळूच म्हणाली, "कोळसा मीच दिला, मावशी. मलाही कुठे ठाऊक होतं."

"तू दिलंस," मैना म्हणाली. "दार मी लावलंय."

दार हातभर उघडं ठेवायचं होतं आणि त्या फटीतून वारा सरळ पलंगावर येत होता. मैना उठली आणि त्या फटीत जाऊन बसली, पाठ बाहेर, तोंड आत. अंगावर फक्त लुगडं आणि एक स्वेटर. वारा आता तिच्या पाठीवर थांबत होता, आणि डोक्यावरून जेवढी हवा यायला हवी तेवढी आत जात होती. सकिना म्हणाली, "मावशी, गोठाल." ज्ञानदा पडल्या पडल्या आईकडे पाहत होती, पण त्या नजरेत काय होतं ते मैनाला वाचता येईना, आणि विचारायचं बळ नव्हतं.

ऊन कलताना चाकांना साखळ्या बांधलेली गाडी आली. ओमानी ड्रायव्हर, शेजारी नर्स. नर्सने बायला तपासलं, मान हलवली, बाळ बरं आहे म्हणाली. ज्ञानदाच्या नाकावर ऑक्सिजनचा मास्क लावला. तिला न्यायलाच हवं होतं, आजची रात्र तरी.

"एक औरत साथ में," नर्स म्हणाली. "जगह कम है. कौन आएगा?"

बाय सकिनाच्या छातीशी होती. ज्ञानदाने मास्कवरून दोघींकडे पाहिलं, डोळे भरून आले, पण बोट कुणाकडेच केलं नाही. ते काम तिच्यावर टाकणं मैनाला बरं वाटलं नाही.

"तू जा, सकिना," ती म्हणाली. "बाळ हलवू नको तुज्या अंगासून."

ड्रायव्हरने गाडीत बसताना खुणेने तिला सांगितलं, अंदर, अंदर, दार बंद, बर्द, बर्द. फार थंडी आहे म्हणून.

गाडीचे दिवे डाळिंबांच्या मोडक्या झाडांमागे गेले. मैना खोलीत आली. आता आत विस्तव नव्हता. बाळंतीण नव्हती, लेकरू नव्हतं. दार लावून गोधडीत शिरायला कुणाचीच हरकत नव्हती. तिने दाराला हात लावला. ते अर्ध्यापर्यंत आणलं. पुन्हा सोडलं.

बर्फ पुन्हा भुरभुरायला लागलं होतं. उंबऱ्यावरून ते आत येत होतं, फरशीवर पडत होतं आणि विरत नव्हतं. मैना पलंगाच्या कडेला बसून त्याच्याकडे बघत राहिली. दार तसंच उघडं होतं.