सारखं पाणी

चेंडूची लव एका बाजूने साफ झडलेली, दुसऱ्या बाजूने थोडी शिल्लक... रूपराव तो अंगठ्याखाली फिरवतो आहे, आणि दुसरा हात केव्हापासून डावा गुडघा चोळतो आहे हे त्याला आत्ता कळतं. सेहेचाळीस वर्षांचा गुडघा. चार वाजता फायनल. समोर पुलगावचा एकवीस वर्षांचा पोरगा, जो काल सेमीफायनल खेळून वर सायकलने घरी गेला.

"अवो, यंदा तेवढं जिंका," कोकिळा आतून म्हणते. "पोरीचं लगन या क्वार्टरातूनच होऊ द्या. मंग हरा खुशाल."

खुशाल! कापसाच्या जिनिंगच्या शेठने क्वार्टर दिलं ते टेनिससाठी, वजनकाट्यावर नोकरीला बसवलं तेही टेनिससाठी. कप गेला की दोन्ही गेलं, हे शेठ कधी बोलला नाही. बोलायची गरजच पडली नाही. दरवर्षी हार घालताना तो म्हणतो, आपला रूपराव म्हाताराच होत नाही—अरे, होतो ना! तुमच्या डोळ्यांदेखत होतो आहे. पण तुम्ही टाळ्या वाजवता, आणि टाळ्या वाजवणाऱ्याला समोरच्याचं लंगडणं दिसत नाही.

आठ कप. लोक विचारतात, या वयात जमतं कसं? तो सांगतो, उन्हात उंच चेंडू टाकायचा, पोराला पळवायचं, आपण बुटाची नाडी बांधत श्वास घ्यायचा. हे खरं आहे. पण अर्धंच. उरलेलं अर्धं सांगायचं तर... फायनलच्या दिवशी दुपारी दोनला मुरमाच्या कोर्टावर पाणी तो स्वतः मारतो. सगळीकडे हलकं, आणि दोन्ही टोकांच्या डाव्या कोपऱ्यांत दुप्पट. वरून कोरडं दिसतं, आत ओल राहते. चेंडू तिथे पडला की उसळतच नाही, बसतो. हे माहीत एकालाच. लोक याला मेहनत म्हणतात—चॅम्पियन असून स्वतः पाणी मारतो, बघा!

आज दोनला तो कोर्टावर पोचला तेव्हा मुरूम आधीच ओला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत एका रंगाचा. म्हातारा माळी नत्थू रोलर ओढत होता.

"पानी कोनं मारलं?"

"मीनं. तुमचा गुडघा दुखून राह्यला ना, म्हनलं कशाले वाकता." नत्थूने रोलर थांबवला. "सारखं मारलं, भाऊ. समदीकडं सारखं."

रूपरावने डाव्या कोपऱ्याकडे बघितलं. सारखं हा शब्द म्हातारा दोनदा का बोलला?

"तुले... मालूम होतं?"

"आठ साल झाले, रोलर मीच फिरवतो ना," नत्थू हसला. "त्या कोपऱ्यात तो रुतते. मले का समजत नाई का? बादली भरून ठेवली हाय. हो म्हना, आत्ता कोपऱ्यात मारतो. तोंडातून शब्द नाई काढनार."

बादली तिथे होती. आठ साल या माणसाने मला चोर म्हणून ओळखलं आणि रोज नमस्कार केला. राग यायला हवा होता. कोकिळा आठवली, क्वार्टरचं दार आठवलं, दारापुढे घालायचा मांडव आठवला—आणि या सगळ्याच्या खालून भलतंच काही वर आलं. आठ कप; पण त्यांत मी किती आणि ओल किती? अडतीसाव्या वर्षानंतर मी स्वतःला खेळताना पाहिलेलंच नाही.

"म्हना ना, भाऊ. ऊन हाय, पन वरून वाळाले येळ लागन."

हो म्हणायला तोंड उघडलं. नाही म्हणायलाही तेच तोंड. गुडघा ठणकत होता आणि त्याला भीती वाटत होती—पण ही रोजची, हरण्याची भीती नव्हती. चार वाजता कोर्टावर कोण उतरणार हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि त्या अनोळखी माणसाला एकदा बघावं अशी निर्लज्ज भूक त्याच्या पोटात उठली होती.