सात पस्तीसचं फाटक

'अ'ची शेपटी खालच्या ओळीत उतरली होती. लाल शाईचा 'अ', दुसरीच्या हजेरीपटावर, मंगळवारच्या रकान्यात, चौदाव्या नावापुढे... आणि शेपटी पंधराव्या पोराच्या चौकटीत, त्या बिचाऱ्याचा काही संबंध नसताना. शर्मिष्ठा मेश्राम एरवी असं लिहीत नसे. बावीस वर्षं ती रायपूरमधल्या या शाळेची मुख्याध्यापिका होती, आणि पाच वर्गांना चारच शिक्षक म्हणून दुसरीची वर्गशिक्षिकाही तीच. तिचे अनुपस्थितीचे 'अ' छापल्यासारखे चौकटीच्या मधोमध बसत. तपासणीला येणारा साहेब तिचा पट उचलून बाकीच्या तिघींना दाखवायचा: देखिए, ऐसा होना चाहिए. मंगळवारी हात हलला होता तर. आज शुक्रवार. तीन दिवसांत ती शेपटी कोणी पाहिली नव्हती, आणि पाहूनही कोणाला काही कळलं नसतं, पण एक वाजता शाळा समितीची सभा होती आणि अध्यक्षांनी पट सोबत आणायला सांगितलं होतं. सांगितलं म्हणजे समितीची सचिव यामिनी, तिच्या मोबाइलवरून निरोप आला होता, पुढे 'कृपया' लावून. या 'कृपया'चाच तिला जास्त संताप आला.

बाहेर तिसरीचे पाढे चालले होते. समाजभवनाच्या तळमजल्यावर शाळा, वरच्या मजल्यावर लग्नं. हॉलच्या मधोमध चार कपाटं पाठीला पाठ लावून उभी केली की इकडे पहिली आणि तिकडे तिसरी. रविवारी कपाटं भिंतीला सरकतात, सतरंज्या पसरतात, वंदना होते, आणि सोमवारी पहाटे पाळीवरचे पालक येऊन पुन्हा सगळं जागेवर लावतात. प्रत्येक घराची महिन्यातून एकदा पाळी. नावांचा फळा तिनेच केला, पाणी भरण्याच्या वेळा तिनेच ठरवल्या, कोणत्या वर्गाने कोणत्या दाराने सुटायचं तेही तिनेच. आधी फाटकावरही पालकच असत; मग जो तो आपल्या ओळखीच्या पोरांना आठ-आठ वाजता आत घेऊ लागला, तेव्हा तिने फाटक शाळेची झाडलोट करणाऱ्या शांताबाईच्या हाती दिलं आणि नियम केला: साडेसातला घंटा, सात पस्तीसला फाटक बंद, नंतर कोणी नाही. नगरसेवकाचा नातू असो की आणखी कोणी. या नियमाचं कौतुक करणारी माणसंच आज एक वाजता तिला जाब विचारायला येणार होती. येऊ देत. यांच्यापैकी एकाला तरी सलग आठ दिवस ही शाळा उघडून दाखवता येईल का...

काहीच झालं नव्हतं. हे वाक्य ती मंगळवारपासून सगळ्यांना सांगत होती आणि ते खरं होतं. दीक्षा नावाची सात वर्षांची मुलगी सात चाळीसला फाटकाशी आली. तिची आई माया तिला कोपऱ्यावर सोडून दुसऱ्या कामाला निघून गेली होती. फाटक बंद होतं. मुलगी थोडा वेळ उभी राहिली, मग आईकडे जायचं म्हणून एकटीच चालत निघाली, रेल्वेच्या पुलाखालून, मोठा रस्ता ओलांडून, थेट पंडरीच्या कापड बाजारात, जिथे माया एका साडीच्या दुकानात फॉल लावते. दुकानं उघडायची होती. साडेदहाला माया कामावर पोचली तर बंद शटरच्या पायरीवर आपली मुलगी दप्तर मांडीवर घेऊन बसलेली. बस, एवढंच. खरचटलंही नव्हतं. शाळेच्या पटावर ती अनुपस्थित होती आणि अनुपस्थित मुलाची जबाबदारी शाळेवर येत नाही. शर्मिष्ठाने हेही सगळ्यांना सांगितलं होतं. आणि शांताबाईने सांगितलं होतं की फाटकावर कोणी आलंच नव्हतं, तिने पाहिलंच नाही.

मी शांताला खोटं बोलायला सांगितलं नाही. हे पण खरं. मी तिला काहीच सांगितलं नाही.

ऑफिसची खिडकी फाटकाच्या बरोबर समोर आहे. दीक्षाने दोन्ही हातांनी गज धरले होते. शांता दाराशी येऊन म्हणाली, "म्याडम, मायाची पोट्टी उभी हाय. घेऊ का आत?" आणि शर्मिष्ठाने पटावरून डोकं वर केलं, पाहिलं, मुलीनेही पाहिलं... किती वेळ, तीन श्वास, चार... आणि ती म्हणाली, "नियम माहीत आहे ना तुला." मग लाल पेन उचललं. मुलगी रडत नव्हती. रडली असती तर घेतलं असतं आत, असं तिने स्वतःला त्या रात्रीच सांगून टाकलं होतं. पण ती नुसती बघत होती, जणू मोठी मॅडम काय करते ते पाहायलाच थांबली आहे. एवढ्याशा पोरीने असं बघावं. त्या क्षणी आत काहीतरी गच्च बसलं होतं, आणि तिने त्याला शिस्त असं नाव दिलं होतं.

शिस्त. हा शब्द आला की मागे आबा यायचेच... तिचे वडील गुलाबराव, रेल्वेच्या कारखान्यात फिटर, भंडाऱ्याहून रायपूरला आलेले, ज्यांनी समाजाच्या हातापाया पडून ही शाळा काढली आणि दुपारच्या ड्यूटीवर जाण्याआधी रोज सकाळी स्वतः दारात उभे राहिले. दर वर्षी स्नेहसंमेलनात शर्मिष्ठा एक गोष्ट सांगायची: ती तिसरीत असताना एकदा तिलाच उशीर झाला, आणि आबांनी तिच्या तोंडावर दार लावलं, मधल्या सुट्टीपर्यंत उघडलं नाही. 'संस्थापकाच्या मुलीलाही माफी नव्हती.' इथे टाळ्या पडायच्या. दर वर्षी, याच वाक्याला. आज पट मिटताना ती गोष्ट टाळ्यांच्या पुढे सरकली. पुढे असं होतं की तिला लघवीला जायचं होतं. तिने दार वाजवलं होतं, सांगितलंही होतं, हळू आवाजात, कारण आत पोरं होती. मग पायांतून गरम धार आणि पांढरे मोजे... आणि मधल्या सुट्टीत दार उघडून आबा सगळ्या शाळेला म्हणाले, "पाहा, माह्या पोरीलेबी माफी नाही." आणि ते तेव्हा खूश दिसत होते. तिच्याकडे बघत नव्हते, पोरांकडे बघत होते, आणि खूश होते. एवढी वर्षं हे कुठे होतं? की होतंच, आणि ती दर वर्षी टाळ्यांच्या आधी थांबत होती?

साडेबाराला शाळा सुटली. पहिलीची बाकं गोल मांडली गेली, कारण भवनाच्या खुर्च्या वर लग्नाला गेल्या होत्या, आणि समितीची नऊ माणसं गुडघे छातीशी घेऊन त्या बाकांवर बसली. अध्यक्ष धर्मपाल रामटेके, रेल्वेतून रिटायर, गळ्यात मफलर. यामिनी, पुण्याहून बदली होऊन आलेल्या साहेबाची बायको, चौबे कॉलोनीत राहणारी. सचिव म्हणून कार्यवृत्त लिहिते आणि प्रत्येकाला 'आपण' म्हणते. माया कोपऱ्यात, दुकानातून अर्धी सुट्टी काढून आलेली, साडीला चिकटलेले दोऱ्याचे तुकडे तसेच. शांताबाई दाराशी उभी. तिला कोणी बस म्हटलं नाही. शर्मिष्ठानेही नाही.

धर्मपालने पट उघडला, पाहिल्यासारखं केलं, मिटला. "मॅडमचं काम चोख हाय. पोट्टी वर्गात आलीच नाही तं आलीच नाही. चूक झाली ते फाटकावर. शांताबाईचं वय झालं, नजर नाही राहिली. तिले फाटकावरून काढू, दुसरी बाई पाहू. मान्य हाय ना सगळ्यायले?"

माना हलल्या. किती सोपं. साठ वर्षांची विधवा बाई, भवनाच्या मागच्या खोलीत राहते, तिच्या नजरेवर ढकललं की सगळे आपापल्या घरी जेवायला मोकळे.

"एक मिनट," माया म्हणाली. ती उभी राहिली नाही. "दीक्षा म्हणते, बड़ी मॅडम ने खिड़की से देखा था. रोज म्हणते. मी विचारत नाही तरी म्हणते."

"लेकरू हाय ते," धर्मपाल म्हणाला. "भेलं. भेलेलं लेकरू काहीबी म्हणते."

"अशा प्रसंगानंतर मुलं कल्पना करतात," यामिनी मऊ आवाजात म्हणाली. "आपण तिला समजून घ्यायला हवं."

"आन् हे पाहा मायाबाई," धर्मपालचा आवाज चढला, "ते गुलाबरावची पोरगी हाय. लहानपणी सोता दाराभाईर उभी राह्यलेली. तिच्यावर शंका घ्याची असन तं मंग शाळाच बंद करा ना."

शर्मिष्ठाला दया आली नव्हती. हे तिला नंतरही स्वच्छ आठवत राहिलं. ना मायाची, ना शांताची. तिला त्या मफलरवाल्या माणसाचा, त्या मऊ आवाजाचा, दाराभाईर उभी राह्यलेली म्हणताना त्याच्या तोंडावर आलेल्या त्या कौतुकाचा असा संताप आला की कानात वाजू लागलं. तू पाहिलं होतंस का माझे मोजे? तू पण टाळ्या वाजवल्या असशील.

"मी पाहिलं होतं," ती म्हणाली.

धर्मपालने मिटलेला पट पुन्हा उघडला.

"दुरून पाह्यलं असन," धर्मपाल म्हणाला. "वाटलं असन दुसरीच कोनाची हाय."

"दीक्षा आहे हे मला दिसत होतं. शांताने विचारलं, आत घेऊ का. मी नाही म्हटलं. मग मी पटावर अनुपस्थित लिहिलं."

यामिनीचं पेन थांबलं होतं. "हे... लिहायचं का?"

"थांबा जरा. नोका लिहू." धर्मपालने हात आडवा केला. "जूनमधे मान्यतेचं नूतनीकरण हाय. असं कागदावर आलं तं शाळा जाईन. बोलताना माणूस काहीबी बोलते, ते सगळं लिहाचं नसते."

शर्मिष्ठाला वाटलं होतं की आता काहीतरी होईल. कोणी ओरडेल, कोणी राजीनामा मागेल. तिने त्याची तयारीही केली होती, उत्तरं धारदार करून ठेवली होती, एकेकाला कापून काढता येईल अशी. पण बाकांवरची माणसं तिच्याकडे बघत नव्हती. ती घड्याळाकडे, फळ्याकडे, एकमेकांच्या चपलांकडे बघत होती. फक्त माया तिच्याकडे बघत होती.

"मंगळवारी संध्याकाळी तुमी माह्या घरी आल्या होत्या," माया म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "दीक्षाच्या डोक्यावरून हात फिरवला. चहा पेल्या. तवा काहून नाही सांगितलं?"

चहा गोड होता, एवढंच शर्मिष्ठाला आठवलं. आणि मुलगी आईच्या मागे सरकली होती आणि तिने त्याला लाजणं म्हटलं होतं.

"पुढच्या रविवारी वंदनेनंतर बसू," धर्मपाल उठत म्हणाला. "मायाबाई, तुमी शांत व्हा. आन् शांताबाई, तू खोटं काहून बोलली वं? कोणी नोतं म्हणे फाटकावर. हे तं नजरेपेक्षा वाईट झालं. याचा निकाल लावाच लागन. खोलीचंबी पाहा लागन मंग."

"तिने माझ्यासाठी..." शर्मिष्ठा म्हणाली, पण बाकं सरकत होती, माणसं चपला शोधत होती. यामिनीने जाताजाता तिच्या दंडाला हात लावला आणि 'धीर धरा' म्हणाली. माया कोणाशी न बोलता गेली. दुकानात तिला तीनला पोचायचं होतं.

हॉल रिकामा झाला. शांताबाई बाकं उचलून रांगेत लावू लागली. पहिल्यांदा शर्मिष्ठा नुसती बघत राहिली, मग तिने एका बाकाचं दुसरं टोक धरलं. शांताने बाक खाली ठेवला.

"राहू द्या. मी करतो."

"शांता, मी त्यांना सांगेन. खोलीला कोणी हात लावणार नाही."

"काहून बोलल्या तुमी?"

"खरं होतं म्हणून."

"खरं तं मंगळवारीबी होतं." शांताने पदर खोचला. "मी नजर गेली म्हणून फाटकावरून निंगाली असती. झाडू मारली असती, खोलीत राह्यली असती. कोणाचं काय गेलं असतं? आता मी लबाड झाली. तुमाले मोकळं व्हाचं होतं, तुमी झाल्या. मले विचारलं का? त्या दिवशी मी तुमाले विचारलं होतं, घेऊ का म्हणून. तुमी मले विचारलं का आज, बोलू का म्हणून?"

"शांता..."

"वीस वर्षं झाले पाहून राहिली मी तुमाले. तुमाले वाटते कोणाले काही दिसत नाही. तुमी त्या खिडकीत..." ती थांबली. आपण काय बोलून बसलो असं तिच्या तोंडावर आलं, किंवा कंटाळाच आला असेल. तिने बादली उचलली. "जाऊ द्या. संडास धुवाचे हाय."

आणि ती गेली.

शर्मिष्ठा पहिलीच्या बाकावर बसली, गुडघे वर करून, मघाशी समितीची माणसं बसली होती तशी. या शाळेत तिच्याशी असं कोणी बोललं नव्हतं. बोललं असतं तर त्या माणसाचा दुसऱ्या दिवशीचा सूर्य या आवारात उगवला नसता. वाक्य तयार होतं जिभेवर, नेहमीचं, *शांता, तोंड सांभाळून*... ती त्याची वाट पाहत राहिली, ते येईल आणि सोबत तो ओळखीचा गरम राग घेऊन येईल, ज्याच्या जोरावर ती रोज साडेसहाला घरातून निघते. धर्मपालवर तो अजून होता. यामिनीवर होता, तिचा हात लागलेला दंड अजून पुसावासा वाटत होता. पण शांताच्या नावाने हाक मारली तर तो येईना.

तुमी त्या खिडकीत... काय? त्या खिडकीत काय करता? बसता? लपता? खूश दिसता?

मागून बादलीत नळाचं पाणी पडायला लागलं. वर लग्नाच्या घरची माणसं खुर्च्या ओढत होती. घरी जायची वेळ होऊन गेली होती, ऑफिसला कुलूप लावायचं होतं, उद्याच्या पाळीचं नाव फळ्यावर लिहायचं होतं, आणि ती हलली नाही. कोणी आपल्याबद्दल एक शब्द वावगा काढला तर जी बाई त्याला तिथेच कापून काढायची, ती बाई पोरांच्या बाकावर बसून मागच्या आवाजाकडे कान लावून होती... पाणी बंद व्हावं, शांताने परत यावं, आणि ते वाक्य पुरं करावं. कितीही वाईट असलं तरी. तिला ते उरलेलं हवं होतं, भूक लागल्यासारखं, आणि ते मागायचं कसं हे तिला माहीत नव्हतं.