हात लावू नये

रविवारी दुपारी साडू जेवायला आला तो लॅपटॉप काखोटीला मारूनच. तेव्हाच माझ्या डोक्यात तिडीक गेली. सासूला भेटायला येणारा माणूस फळं आणतो, निदान पेपर तरी आणतो. हा लॅपटॉप आणतो तेव्हा कुणाच्या तरी मानेवर काम बसणार असतं, आणि या घरात मान माझीच आहे.

सासूबाई आमच्याकडे राहतात. वय ब्याऐंशी, हृदय अधू, जीभ शाबूत. त्यांच्या पलंगाशी स्टुलावर एक पांढरं मशीन आहे. औषधवाल्याने लिहिलेली चिठ्ठी त्याच्यासमोर धरायची, ते ती वाचतं आणि नेमकं तेवढंच औषध वाटीत सोडतं. हे मशीन साडूची कंपनी बनवते. त्याने ते सासूबाईंना आणून दिलं, आणि आणून दिलं हे अख्ख्या नातेवाइकांना दोनदोनदा सांगितलं.

त्या मशीनच्या पोटात माझा कोड आहे, हे मात्र त्याने कुणाला सांगितलेलं नाही.

मी वजनमापं तपासणारा निरीक्षक. दुकानदारांचे काटे बघायचे, बरोबर असले तर शिक्का मारायचा, नसले तर दंड. अकरा वर्षांपूर्वी स्वतःच्या सोयीसाठी मी मापं बदलणारी एक छोटी लायब्ररी, कुणालाही आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडता येईल असा तयार कोड, लिहिली, म्हणजे थेंबांचे मिलिलिटर, मिलिलिटरचे थेंब असलं काहीतरी. लोकांना उपयोग होईल म्हणून इंटरनेटवर फुकट ठेवली. लोकांना झालाच उपयोग. फुकट ते पौष्टिक. आज ती कुठेकुठे चालते हे मलाही माहीत नाही. पण बिघडली की कुणाला पत्र लिहायचं, हे सगळ्यांना माहीत आहे.

माझी लायब्ररी आणखी एका लायब्ररीवर उभी आहे. मजकुरातले आकडे वाचायचे, एवढंच तिचं काम. एका निवृत्त मास्तरांनी ती लिहिली होती. तीन वर्षांपूर्वी त्यांचं दोन ओळींचं पत्र आलं. 'डोळे गेले. आता तुम्हीच बघा.' घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं. ते घोडंही मी बांधून घेतलं. खरारा करताना गेल्या वर्षी त्यात एक चूक सापडली. कुणी '०.५' लिहिलं तर ती ठीक वाचायची. कुणी शून्य गाळून नुसतंच '.५' लिहिलं की बिंदू खाऊन टाकायची आणि सरळ पाच वाचायची. दसपट!

खालची वीट बदलायची म्हणजे वरची भिंत पुन्हा रचावी लागते. माझे सात शनिवार-रविवार त्यात गेले. बायकोने त्या काळात माझ्याशी बोलणं सोडलं होतं आणि तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पाचवी आवृत्ती काढली, वर पानभर सूचना लिहिली, ठळक अक्षरांत: जुनी वापरू नका, औषधाच्या कामात तर मुळीच नाही.

ते सात आठवडे सुरू होण्याआधी मी एक वेडेपणा केला होता. साडूच्या कंपनीने ओपन सोर्सला, म्हणजे असल्या फुकट कोडला, मदत म्हणून एक निधी काढला होता, फोटोबिटो छापून. मी अर्ज भरला. वर्षभराच्या देखभालीपुरते पैसे मागितले, म्हणजे नोकरीतून बिनपगारी रजा काढता आली असती. अर्जात एक मोठा चौकोन होता: 'यातून नवीन काय निर्माण होणार?' मी खरं ते लिहिलं. 'नवीन काही नाही. आहे ते चालू राहील.'

उत्तर आलं, 'आपला प्रस्ताव नावीन्याच्या निकषात बसत नाही.' खाली समितीच्या अध्यक्षांची सही. साडूची! विचारलं तर म्हणाला, "दादा, नात्यातले म्हणून तुमच्या बाबतीत जरा जास्तच कडक राहावं लागलं." पैसे गेले स्क्रीनवरच्या एका बोलक्या बाहुलीला. ती माझ्यासारख्यांच्या लायब्रऱ्या कशा वापरायच्या हे गोड आवाजात सांगते, आणि चुकीचं सांगते.

तर हा असा माझा साडू. जेवण झालं, हात पुसले आणि त्याने लॅपटॉप उघडला.

"दादा, एक बारीकसं काम होतं. ते बिंदूचं प्रकरण. तुम्ही दुरुस्त केलंयत ना?"

"आठ महिने झाले."

"हां, पण ते पाचव्या आवृत्तीत. आम्ही दुसरीवर आहोत. तीच दुरुस्ती दुसरीत करून द्याल का? बुधवारी बाहेरचे तपासनीस येतायत."

"दुसरीवर? ती चार वर्षांपूर्वीची!"

त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्यांच्या फाइलीत माझ्या लायब्ररीच्या नावापुढे दोन नंबर ठोकून बसवला होता आणि वर शेरा: 'चालतंय. हात लावू नये. आदेशावरून.'

"कुणाचा आदेश?"

"माझाच," तो म्हणाला. "तेव्हा एकदा अपग्रेड केलं नि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर मशीन अडकलं. इतकी नाचक्की झाली! म्हटलं, आता नकोच."

मी तीस वर्षं काटे तपासतोय. दुकानदार काट्यात मुद्दाम खोट करतो तेव्हा तो निदान चोर असतो, त्याला पकडता येतं. पण 'चालतंय ना' म्हणून काट्याकडे बघतच नाही, त्या माणसाचं काय करायचं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि तिथेच ती थिजली, कारण मला पलंगाशी असलेलं स्टूल आठवलं.

"आईंचं मशीन?"

त्याने स्क्रीन पुन्हा स्वतःकडे वळवली.

"अरे, आईंचं मशीन कितव्यावर आहे?"

"सगळीच दुसरीवर आहेत, दादा."

मी उठून सासूबाईंच्या खोलीत गेलो. त्या टेकून बसल्या होत्या. मशीनखाली काल आलेली नवी चिठ्ठी होती, आज चारच्या डोसापासून लागू. औषधवाला बदललाय, हे बायको म्हणाली होती; जुना शून्य घालून लिहायचा. चिठ्ठीवर झोकदार अक्षरात लिहिलं होतं: '.५ मिलि'. घड्याळात पावणेचार.

दहा थेंबांच्या जागी शंभर थेंब. मी प्लग उपटला. रागाने की भीतीने, ते सांगता येणार नाही.

"काय हो जावईबापू, वीजबिल थकलं की काय?" सासूबाई म्हणाल्या.

साडू दारात येऊन उभा होता. चिठ्ठी त्याच्या नाकासमोर धरली. त्याने वाचली, आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. पण तोंड बंद झालं नाही. "दादा, हे बुधवारपर्यंत बाहेर जाऊ द्यायचं नाही. तुम्ही आज रात्रीत करून दिलंत तर कुणाला कळणारही नाही. आईंसाठी तरी करा."

"अशी किती मशीनं आहेत?"

"चौदाशे."

"म्हणजे चौदाशे आया. फोन काढ. सगळ्यांना निरोप धाड. मशीन बंद करा, औषध हाताने मोजा. कारणही लिही."

"माझी नोकरी जाईल!"

"मग मी लिहितो. माझ्या पानावर, तुझ्या कंपनीच्या नावासकट. ते वाचायला लोक आहेत, तुम्ही सोडून."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जन्मभर हा मला माफ करणार नाही हे मला कळलं. करू नये. माझीही काही माफ करायची तयारी नव्हती. अंगठ्याने टाइप करताना तो दोनदा चुकला. निरोप गेला तेव्हा चार वाजायला पाच मिनिटं होती.

"आता तरी दुसरीत दुरुस्ती द्याल?"

"नाही. दुसरीत काहीही होणार नाही. तुझी माणसं पाचवीवर येतील. मी शेजारी बसून शिकवीन, आणि तुझी कंपनी दरवर्षीच्या देखभालीचा करार करील. दोन्ही लायब्रऱ्यांचा. मास्तरांचं नाव वर राहील."

"दादा, समितीपुढे मी काय सांगू? यात नवीन काय, असं विचारतील!"

मी टेबलावरची औषधाची ड्रॉपरवाली बाटली त्याच्या हातात दिली. "दहा थेंब. वाटीत."

"मी?"

"मशीन बंद आहे."

तो पलंगाच्या कडेला टेकला. एक, दोन, तीन. सातव्याला फोन वाजला, त्याचं लक्ष गेलं आणि एकदम दोनतीन थेंब पडले.

"सात झाले की दहा?" त्याने विचारलं.

"मला काय विचारतोस? ओतून दे. पुन्हा मोज," सासूबाई म्हणाल्या.

फोन वाजत राहिला. एकामागून एक. चौदाशे घरांतून विचारत असतील, आता आम्ही काय करायचं? त्याने तो उचलला नाही. श्वास रोखून पुन्हा मोजलं. दहाव्या थेंबानंतर बाटली इतकी झटकन उभी केली की ड्रॉपर त्याच्याच बोटांवर ठिबकला. सासूबाईंनी औषध घेतलं, वाटी त्याच्याकडे परत दिली.

"झालं?" तो म्हणाला. कपाळावर घाम होता.

"झालं," मी म्हणालो. "आता सांग, अध्यक्षमहाराज. यातून नवीन काय निर्माण झालं?"

त्याने रिकाम्या वाटीकडे पाहिलं. 

सासूबाईंनी पांघरूण वर ओढलं आणि डोळे मिटले. "भांडा सावकाश," त्या म्हणाल्या. "आठ वाजता परत आहे. कोण थांबतंय?"