वेळ गेला, वेळ गेली

मित्रांनो, मी एक जुने स्टॉपवॉच आहे. मुठीत मावणारे, चावीचे, डोक्यावर एकच बटण असलेले. पहिल्या दाबाला मी धावते, दुसऱ्याला थांबते, तिसऱ्याला काटा शून्यावर येतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. डोळ्याला भिंग लावलेल्या एका कामगार बाईंनी माझी स्प्रिंग बसवली, मला कानाशी धरले आणि म्हणाल्या, "हं, प्रामाणिक आहे." हे माझे पहिले कौतुक. तिथून मी एका पोहण्याच्या तलावावर आले आणि शिकवणाऱ्या सरांच्या गळ्यात एकवीस वर्षे लोंबकळले. सर मुलांना काठावर उभे करून सांगत, "वेळ गेला तर पुढच्या फेरीत भरून काढा. वेळ गेली, तर काठावर बसून रडा." मुले हसत. फरक कळायला त्यांना काही वर्षे लागत.

पुढे अंकांची घड्याळे आली. मला ओल्या दोरीसकट खणात टाकले, पाण्यात घालायच्या औषधाच्या बाटलीशेजारी. चार वर्षे कोणी पुसले नाही, चावी दिली नाही. माझे बटण गंजले.

मग एका सकाळी साडेअकराला खण उघडला. अंकांच्या घड्याळाचा सेल संपला होता, म्हणून सरांनी मला घाईने चावी दिली. काठावर तिघे होते: सर, नुकतीच नववीची परीक्षा दिलेली एक मुलगी, जिला सर बेडकी म्हणत, आणि तिची आई. आई गणिताची शिक्षिका. बेडकीला उन्हाळ्याची सुट्टी सरांच्या शिबिरात घालवायची होती, कारण पुढच्या वर्षी स्पर्धेतला तिचा वयोगट बदलणार होता आणि मोठ्या मुलींशी गाठ पडणार होती. आईच्या पर्समध्ये दहावीच्या क्लासचा भरलेला अर्ज होता. दोन्हीकडची नावनोंदणी बाराला बंद होणार होती. आठवडाभर घरात धुसफूस चालली होती. शेवटी आईने अट घातली: शंभर मीटर एक मिनिट वीस सेकंदांच्या आत, तर शिबिर. नाही तर क्लास.

"आकडा खोटं बोलत नाही," आई म्हणाली. "सर, तुम्हीच वेळ मोजा."

मला घाम फुटायचाच काय तो बाकी होता.

शिट्टी झाली. बेडकीने सूर मारला. सरांच्या अंगठ्याने बटण दाबले, आणि मी जागचे हलले नाही. अंगठ्याने पुन्हा जोर लावला, तेव्हा कुठे काटा सुटला. तोवर बेडकी वर येऊन दोन हात मारून गेली होती.

चौथ्या, शेवटच्या फेरीत तिचे खांदे जड पडले. बोटे भिंतीला लागली. आईने वाकून माझ्याकडे पाहिले.

"एक मिनिट एकोणीस. ठीक आहे, शब्द म्हणजे शब्द. कुठे सही करायची?"

 सरांचा अंगठा अजून माझ्या बटणावर होता, आणि काय झाले ते आम्हा दोघांनाच माहीत होते. त्यांनी तोंड उघडले तर मुलीची सुट्टी जाणार. मला तर तोंडच नाही.

"चूक आहे," बेडकी पाण्यातून धापा टाकत म्हणाली. "आज मी चौऱ्याऐंशी हात मारले. एक मिनिट एकोणीस लागतात तेव्हा माझे अठ्ठ्याहत्तरच होतात."

सरांनी मान खाली घातली. "दुसऱ्या दाबाला सुरू झालं, बाई. किती सेकंद खाल्ले, सांगता येणार नाही."

"म्हणजे आकडाच नाही." आईने अर्ज बाहेर काढला. "मग क्लास."

"अगं आई, घड्याळ चाललं म्हणून शिबिर, गंजलं म्हणून क्लास? माझी सुट्टी ठरवतंय कोण? हे?" तिचे ओले बोट माझ्यावर रोखलेले होते.

"दहावी आहे, बाळा. वेळ वाया गेला की..."

"गेला तर भरून काढीन. रोज दुपारी तुझ्यासमोर गणिताला बसेन. पण ही वेळ गेली तर कुठून आणू? आणि हरले तर मी हरेन, आई. घड्याळ नाही."

आई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. बाराला चार मिनिटे कमी. मग तीन. तिने अर्जाची घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि सरांच्या वहीत सही केली.

"दुपारी तीन म्हणजे तीन," ती लेकीला म्हणाली. "दुसऱ्या दाबाला सुरू होणारी मुलं माझ्या वर्गात चालत नाहीत."

त्याच दिवशी सरांनी मला उघडले, पुसले, तेलाचा एक थेंब दिला. मित्रांनो, तुमच्याही खणात असे कोणी पडले असेल. त्याला कोरडे ठेवा, अधूनमधून चावी द्या. नाही तर ऐन वेळी ते खोटे बोलेल, आणि कळत असूनही त्याला थांबता येणार नाही. आणखी एक मागणे. वेळ किती लागला, ते आम्हाला जरूर विचारा. तो कशात घालवायचा, ते मात्र विचारू नका.

शिबिराच्या पहिल्या सकाळी मी पहिल्याच दाबाला सुटले. एक मिनिट बावीस. बेडकीने काठावर हनुवटी टेकून मला नीट पाहिले, गॉगल खाली ओढला आणि म्हणाली, "सर, शून्यावर आणा."